कबड्डीचा फिरता कारागीर : बोली, करार आणि हिशेब

गागोदे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून. 1895 साली जन्मलेल्या या माणसाने कुरआनचा अभ्यास करून त्याचे सार ग्रंथरूपाने मांडले, हे आपल्या वाचकांपैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. पण आज पेण-रोहे पट्ट्यात, गागोदे बुद्रुक आणि आसपासच्या गावांत, भातकापणी उरकली की पोरांच्या तोंडी एकच विषय असतो, तो म्हणजे कबड्डी. रात्री दिवे लावून सामने होतात, चषक आणि रोख बक्षिसे लागतात आणि चांगली चढाई करणाऱ्या पोराचे नाव चार गावांत होते.

पूर्वी गोष्ट इथेच संपत असे. 2014 पासून मात्र दूरदर्शन संचावर कबड्डीचा लिलाव दिसू लागला आणि कोटींचे आकडे घराघरांत पोहोचले. साहजिकच दुकानदार बापाला आणि कारागीर काकाला आता एक नवा प्रश्न पडतो. पोरगा खेळात हुशार आहे, शाळा आणि दुकान सोडून याच मागे लागू म्हणतो, तर त्याला काय सांगावे? हा प्रश्न हौसेचा नसून रोजीचा आहे, म्हणून या पानावर त्याचा विचार करणे आम्हाला योग्य वाटते. नावाजलेल्या दोनचार जणांकडे पाहून निर्णय घेऊ नये. आज या संघात, उद्या त्या संघात, असे फिरत पोट भरणाऱ्या खेळाडूचा धंदा मुळात चालतो कसा, ते आधी समजून घ्यावे.

उस्ताद, शागीर्द आणि मधला माणूस

युरोपातील जुन्या कारागिरांच्या पेठांत तीन पायऱ्या असत. पहिला शागीर्द, शेवटचा उस्ताद आणि मधला तो जर्नीमन. या मधल्या माणसाचे काम शिकून पुरे झालेले असे, हात तयार असे, पण स्वतःची पेढी नसे. तो रोजावर काम करी. त्याचे नावच मुळी दिवसाच्या कामावरून पडलेले आहे. आपल्याकडचा रोजंदारीचा सुतार, जरीवाला किंवा शिंपी पाहिला की हा माणूस लगेच ओळखू येतो. हत्यारे त्याची, हुन्नर त्याचा, पण दुकान दुसऱ्याचे.

हाच शब्द पुढे खेळाडूंना लागला. अमेरिका आणि कॅनडा या थंड मुलुखांत बर्फावरची हॉकी हा मोठा धंदा आहे. तेथील माइक सिलिंजर नावाचा खेळाडू 1990 ते 2009 या काळात वरच्या साखळीतील तब्बल 12 संघांकडून खेळला आणि तो विक्रम ठरला. तो सर्वांत मोठा तारा कधीच नव्हता, पण त्याचे काम प्रत्येकाला लागे. त्या धंद्यात एक दुहेरी करारही असतो. खेळाडू वरच्या संघात असेल तेव्हा एक पगार आणि खालच्या साखळीत पाठवला तर दुसरा, फार कमी पगार. माणूस तोच, घाम तोच, पण कोणत्या मैदानावर उभा आहे त्यावर मजुरी ठरते. बांधकामावर ज्यांनी ठेकेदाराच्या हाताखाली काम केले आहे, त्यांना यात काही नवे वाटणार नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, पण कबड्डीत आता हाच माणूस तयार झाला आहे.

पूर्वी कमाई म्हणजे नोकरी

प्रो कबड्डीच्या आधीही महाराष्ट्रात कबड्डीवर घर चालत होते. फक्त पैसा खेळातून येत नसे, नोकरीतून येत असे. रेल्वे, पोलीस, बँका, पोर्ट ट्रस्ट, विमान कंपनी, तेल कंपन्या आणि महिंद्रसारखे कारखाने आपापले संघ बाळगत. आजही आपल्या स्पर्धांच्या जाहिरातीत ‘स्थानिक गट’ आणि ‘व्यावसायिक गट’ असे दोन विभाग दिसतात. हा व्यावसायिक गट म्हणजे या कार्यालयांचे संघ. चांगल्या खेळाडूला आधी करारावर मानधन मिळे आणि नशीब व कामगिरी जुळली तर कायम नोकरी. पगार बेताचा, पण दर महिन्याला येणारा. गुडघा गेला तरी नोकरी जात नसे.

26 जुलै 2014 रोजी आठ संघांची प्रो कबड्डी साखळी सुरू झाली. त्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, 12 लाख 80 हजार रुपये. 2017 मध्ये संघ 12 झाले. 2018 मध्ये बोली कोटीच्या पुढे गेली आणि 2023 मध्ये पवन सेहरावत या चढाईपटूसाठी तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाखांहून अधिक रक्कम मोजली. दहा वर्षांत एवढी वाढ क्वचितच एखाद्या मालाच्या भावात झाली असेल. पण व्यापाऱ्याने सर्वांत महागड्या नगाचा भाव पाहून बाजार ओळखू नये.

लिलाव चालतो तरी कसा?

लिलावाआधी खेळाडूंचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग पाडतात. प्रत्येक वर्गाची किमान बोली ठरलेली असते. 2023 आणि 2024 च्या लिलावांत ती अनुक्रमे 30 लाख, 20 लाख, 13 लाख आणि 9 लाख रुपये होती. त्याखाली बोली लागत नाही. वर किती जाईल ते समोरच्या गिऱ्हाइकांवर.

आता महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक संघाला संपूर्ण ताफ्यासाठी खर्चाची मर्यादा असते. या दोन्ही लिलावांत ती 5 कोटी रुपये होती आणि ताफ्यात किमान 18, जास्तीत जास्त 25 खेळाडू ठेवायचे होते. एखाद्या संघाने एकावरच 2 कोटी घातले, तर उरलेल्या 17 जणांना 3 कोटींत बसवावे लागते. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसतरा लाखांच्या आसपास येतात, आणि तीही सरासरी. म्हणजे एकाची बोली वाढली की तिचा भार बाकीच्यांवर पडतो.

दुसरे असे की जुन्या संघाला आपला खेळाडू राखण्याचा एक हक्क असतो. दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली तेवढ्याच रकमेला उचलून तो खेळाडू परत घेता येतो. जुन्या गिऱ्हाइकाला पहिला मान, असा हा प्रकार.

तिसरी गोष्ट कोणी मोठ्याने सांगत नाही. 2024 च्या लिलावात 500 हून अधिक नावे होती आणि दोन दिवसांत 118 जणांवर बोली लागली. कोटीचा आकडा गाठणारे 8 होते. बाकीचे शेकडो जण, ज्यांनी वर्षभर मेहनत केली, ते रिकाम्या हाताने उठले. आणि यादीत नाव येणे हीच मुळात हजारांतून निवड झाल्यानंतरची पायरी आहे.

माणूस विकला जातो काय?

आपल्यापैकी काहींना ‘खेळाडू विकला गेला’ हे शब्द खटकतात. खटकणे रास्त आहे. पण व्यवहार पाहिला तर विक्री माणसाची होत नाही. ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या मोबदल्यात त्याने आपले श्रम देण्याचा तो करार असतो. आपल्या फिकहमध्ये ज्याला इजारा म्हणतात, त्याच जातीचा हा व्यवहार. इजाऱ्यात काम कोणते, मुदत किती आणि मजुरी किती, या तिन्ही गोष्टी आधी स्पष्ट असाव्या लागतात. म्हणून खेळाडूच्या घरच्यांनी लिलावातील आकड्यावर खूश होऊन थांबू नये. कागद वाचावा. पैसे किती हप्त्यांत मिळणार? दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा? दुखापतीने बाहेर बसल्यास रक्कम पूर्ण मिळेल की कापली जाईल? दुसऱ्या वर्षी राखायचे की सोडायचे, हे कोण आणि कधी ठरवणार? सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, हे आपण उधारीच्या वहीपुरतेच लक्षात ठेवतो. पोराच्या करारालाही ते लागू करावे.

एका कोल्हापूरकराचा भाव

सिद्धार्थ देसाई हा कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा चढाईपटू. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला सुमारे 36 लाखांना घेतले आणि तो हंगाम त्याने गाजवला. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. 2021 मध्ये त्याच संघाने 1 कोटी 30 लाखांची बोली उचलून त्याला राखले. पण त्या हंगामात दुखापतीने त्याला बाहेर बसवले. 2022 च्या लिलावात तोच खेळाडू 20 लाखांना, म्हणजे आपल्या वर्गाच्या किमान बोलीला गेला. आणि 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला पुन्हा 1 कोटीला घेतले.

पाच वर्षांतील हा चढउतार व्यापारी नजरेने पाहावा. 1 कोटी 30 लाखांवरून 20 लाखांवर येताना त्याचा हुन्नर सात हिश्शांतून एकच उरला होता काय? नाही. खांदा, गुडघा किंवा घोटा या धंद्यात भांडवल असतो. भांडवलाला तडा गेला की गिऱ्हाईक जोखीम मोजते आणि भाव पाडते. त्याने 1 कोटी 30 लाखांच्या वर्षी घराचा खर्च त्या आकड्याला बांधला असता, तर 20 लाखांच्या वर्षी कर्जात गेला असता. हा नियम त्यालाच नाही, 9 लाखांच्या पोरालाही तेवढाच लागू आहे.

इराणचा फझल

फिरत्या कारागिराचे दुसरे उदाहरण म्हणजे इराणचा फझल अत्राचली. डावा कोपरा सांभाळणारा हा पकडपटू मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचा. 2015 मध्ये तो यू मुंबाकडून विजेता ठरला, 2016 मध्ये पाटणा पायरेट्सकडून. 2017 मध्ये गुजरातकडून अंतिम सामना खेळला. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 1 कोटीला परत आणले. 2022 मध्ये पुणेरी पलटणने 1 कोटी 38 लाख दिले, 2023 मध्ये गुजरातने 1 कोटी 60 लाख. 2024 मध्ये बंगालने घेतले तेव्हा आकडा 50 लाखांवर आला होता. 2025 मध्ये तो दबंग दिल्लीत गेला आणि तो संघ विजेता झाला.

दहा वर्षांत सहा संघ, काहींकडे दोनदा. यातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. एक, पकडपटूचे आयुष्य चढाईपटूपेक्षा लांबू शकते, कारण त्यात वेगाइतकीच समज लागते. दोन, वय वाढले की भाव उतरतो, पण अनुभवाची गरज उरते. तिशी ओलांडलेला माणूस तरुण पोरांना उभे राहायचे कुठे आणि हात घालायचा केव्हा हे शिकवतो. ज्याने आपली वागणूक आणि शिस्त राखली, त्याला उतरत्या भावातही काम मिळते. आपल्या पेठेतील जुन्या कारागिरालाही हेच लागू नाही काय?

एका घरात राहिलेला अस्लम

याउलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये नव्या तरुण खेळाडूंच्या वाटेने आला आणि तेथेच वाढला. 2023 च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. 1 मार्च 2024 रोजी पुण्याने पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली तेव्हा कर्णधार तोच होता. पुढच्या हंगामात दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले, पण संघाने हात सोडला नाही आणि 2025 मध्ये तो पुन्हा कर्णधार म्हणून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

समाजातील पोरांनी अस्लमचा अभिमान बाळगावा, माशाअल्लाह. पण त्यांच्या वडिलांनी हेही पाहावे की असे घर सर्वांना मिळत नाही. बहुतेकांचा वाटा फिरण्याचाच आहे.

दोन वर्षांचा दुष्काळ

या धंद्याची खरी कसोटी एकदाच लागली. सातवा हंगाम 19 ऑक्टोबर 2019 रोजी संपला. मग महामारी आली. आठवा हंगाम सुरू झाला तो 22 डिसेंबर 2021 रोजी. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ साखळीचा एकही सामना नाही. ज्यांच्याकडे रेल्वे, पोलीस किंवा कंपनीची नोकरी होती, त्यांचा पगार चालू राहिला. ज्यांनी साखळीलाच पगार मानले होते, त्यांची शिल्लक संपली. खेळाडूचे सर्वांत जोमाचे वय पाच-सात वर्षांचे, त्यातली दोन अशी गेली.

आता हिशेब

आपण बाजाराचे लोक, तेव्हा पाटी घेऊन बसू. समजा, एका पोराला ड वर्गात 9 लाखांची बोली लागली. ऐकायला महिना 75 हजार. समजा, देवदयेने तो असे पाच हंगाम सलग खेळला. एकूण 45 लाख. त्यातून आयकर जाईल, वर्षभराचा खुराक, व्यायाम, बूट-पट्ट्या, मालिश आणि प्रवास जाईल. तो खर्च आपण तूर्त बाजूला ठेवू. माणसाला कमवायचे असते 35 वर्षे. 45 लाख भागिले 35, म्हणजे वर्षाला सुमारे 1 लाख 28 हजार आणि महिन्याला पावणेअकरा हजारांच्या आतच. एखादा बरा शिंपी याहून कमी कमवत नाही.

याचा अर्थ खेळू नये असा नाही. 45 लाखांची रक्कम एकहाती पाच वर्षांत येते, ही त्या पोराची मोठी संधी आहे. शिंप्याला ती कधी मिळत नाही. पण ती मिळकत भांडवल मानली तरच तिला बरकत येते. पगार मानून खाल्ली तर तिशीत हात रिकामे. कोकणातील आंब्याचा व्यापारी दोन-अडीच महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढतो. मासेमारी करणारा पावसाळ्यातील बंदीचे दिवस आधीच्या शिलकीवर काढतो. कबड्डीचा हंगामही दोन-तीन महिन्यांचाच असतो. फरक एवढाच की आंब्याचे झाड पुढच्या वर्षीही तिथेच असते, खेळाडूचा गुडघा असेलच असे नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहिले, शाळा सोडू देऊ नये. निदान बारावी आणि शक्य तर पदवी. पुढील प्रत्येक नोकरीचे दार तिथूनच उघडते.

दुसरे, कागद जमवावेत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. पण त्यासाठी चालतात ती अधिकृत संघटनेच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे, आणि तीही क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून तपासून घ्यावी लागतात. कोणत्या पदाला कोणत्या पातळीचे पदक लागते हे नियमांत ठरलेले आहे. गावोगावच्या बक्षिसी सामन्यांतील चषकांनी कपाट भरते, अर्ज भरत नाही. म्हणून पोरगा जिल्हा संघटनेत नोंदलेल्या मंडळाकडून खेळतो की नाही, हे आधी पाहावे.

तिसरे, नोकरी आणि साखळी यांत निवड करायची वेळ आली तर आधी नोकरी. नोकरीतील खेळाडू मालकाची परवानगी घेऊन साखळीत खेळतात. उलट मार्ग, म्हणजे साखळीतून बाहेर पडून तिशीत नोकरी शोधणे, फार अवघड आहे.

चौथे, हाताचा हुन्नर विसरू देऊ नये. हंगाम दोन-तीन महिन्यांचा असेल, तर सरावाची वेळ सोडून उरलेल्या दिवसांत पोराने दुकानाच्या गल्ल्यावर, गॅरेजमध्ये किंवा मशीनवर बसावे. त्यात कमीपणा नाही.

पाचवे, पहिल्या रकमेतून गाडी घेऊ नये. आधी घरावरचे कर्ज फेडावे. मग एक वर्षाचा खर्च बाजूला ठेवावा. उरलेली रक्कम व्याजाच्या मोहात न पडता दुकानाचा गाळा, यंत्र, मालाचा साठा किंवा विश्वासू भागीदारीत घालावी, आणि भागीदार सख्खा भाऊ असला तरी लेखी. शिल्लक निसाबाच्या वर जाऊन चांद्रवर्ष पुरे झाले की अडीच टक्के जकात काढावी. अचानक आलेल्या पैशावर गोतावळ्यातील मागणारे वाढतात. जकातीचा हिशेब ठेवला की कोणाला किती द्यायचे हेही शिस्तीत राहते.

सारांश

लिलावाची रात्र एकच असते, आयुष्य लांब असते. पोराच्या अंगात कस असेल तर त्याला अडवू नये. त्याला मैदान द्यावे, खुराक द्यावा, दुआ द्यावी. पण त्याच्या करारावर, प्रमाणपत्रांवर आणि शिलकीवर बापाची नजर असावी, जशी ती आपल्या दुकानाच्या वहीवर असते. चढाईला जाणाऱ्याने मध्यरेषेकडे लक्ष ठेवलेच पाहिजे. कितीही गडी मारले तरी परत येऊन ती रेषा शिवली नाही, तर गुण समोरच्याला जातो.